शिळे आणि आंबवलेले : आपल्या ताटाचा थोडा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तुमचा लेख हवा, असा निरोप समितीची पोरे घेऊन आली तेव्हा आम्ही दुसरी पाळी करून नुकतेच घरी टेकलो होतो. दर खेपेला आम्ही कुठल्या तरी परिषदेवर, सत्याग्रहावर लिहितो. या वेळी मात्र पोटावर लिहायचे ठरवले. वाचकांपैकी कुणी हसेल. पण चळवळ चालते ती माणसांवर आणि माणूस चालतो पोटावर, हे सूतगिरणीत तीस वर्षे रिंग फ्रेमवर उभे राहिलेल्याला कुणी सांगायला नको.

निमित्त घडले ते आमच्या पुतण्याचे. पोरगा सव्वीस वर्षांचा, पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. शौचातून रक्त आणि आव पडायची. मूळव्याध समजून वर्षभर इकडचे तिकडचे इलाज झाले. शेवटी कोल्हापूरला दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा असल्याचे निघाले. डॉक्टरांनी नाव सांगितले अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या सुरू झाल्या, बरे वाटू लागले. मग कुणीतरी त्याला मोबाईलवर दाखवले की जपानी लोक आंबवलेले सोयाबीन खातात, त्याने आतड्याची सूज मुळासकट जाते. झाले! पोराने गोळ्या बंद केल्या आणि घरी डब्यात सोयाबीन भिजत घातले. तीन आठवड्यांत पुन्हा रक्त सुरू झाले.

परत गोळ्या चालू केल्यावर तो आमच्यापुढे येऊन बसला. म्हणाला, "काका, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. ह्ये खरं हाय का खोटं, तेवढं सांगा." आम्ही काही डॉक्टर नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, बाकी सगळे वाचनालयातले. पण प्रश्न घरातला होता, म्हणून शोधायला लागलो. शोधता शोधता जे हाती आले ते आपल्या वस्तीपुढे ठेवतो.

तथागतांनी पोटाकडे दुर्लक्ष केले नाही

वर्षावासात आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट निजवले. मग संघाला बोलावून, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश केला. हा प्रसंग मूळ विनयपिटकातल्या महावग्गात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी आतड्याच्या आजाराने लाजेत पडलेल्या माणसाला एका थोर पुरुषाने स्वतःच्या हाताने धुतले, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. आजही पोटाचा आजार माणूस लपवतो. आमच्या पुतण्याने वर्षभर लपवला.

त्याच महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खन्धक. राहुल सांकृत्यायनांनी विनयपिटकाचे हिंदी भाषांतर १९३५ मध्ये केले, त्यामुळे आमच्यासारख्यालाही ते वाचता आले. त्यात दूध, दही, ताक, लोणी, तूप या पाच पदार्थांना परवानगी आहे, पेजेचे गुण सांगितले आहेत. आणि एक गोष्ट अशी आहे की ती वाचून आम्ही थबकलो. एका भिक्खूच्या पोटात वात धरला होता. तो 'लोणसोवीरक' प्यायला आणि त्याला बरे वाटले. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला की आजाऱ्याने लोणसोवीरक तसेच घ्यावे, निरोग्याने पाणी घालून पेय म्हणून घ्यावे.

हे लोणसोवीरक म्हणजे काय? लोण म्हणजे मीठ. सोवीरक म्हणजे धान्याची आंबट कांजी. चरकसंहितेतही जवापासून आंबवलेल्या सौवीरकाचा उल्लेख आहे. पुढे अट्ठकथेत ते कसे करायचे हे सांगितले आहे. धान्ये, फळे, मीठ वगैरे माठात घालायचे, तोंड बंद करायचे आणि एक-दोन-तीन वर्षे मुरू द्यायचे, म्हणजे त्याला जांभळाच्या रसासारखा रंग येतो. थोडक्यात, आंबवलेले अन्न पोटाला उपयोगी पडते हा अनुभव या देशात जुना आहे. तो सोयाबीनवर किंवा जपानवर अडलेला नव्हता.

सोयाबीनचा प्रवास

आता सोयाबीनकडे येऊ. हे पीक मूळचे चीनकडचे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. पण ते नुसते खायला जड. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. शिजवल्याने ते बरेच कमी होतात, तरी पोटात वारा धरतोच. म्हणून तिकडच्या लोकांनी ते आंबवायची युक्ती काढली. चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे १९७२ मध्ये एक कबर उकरली. ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. तिच्यात पुरलेल्या खाण्याच्या वस्तूंमध्ये आंबवून खारवलेले सोयाबीनचे दाणे सापडले.

पुढे चीनच्या विहारांत भिक्खूंनी मांस वर्ज्य केले, तेव्हा बळ देणारे अन्न म्हणून सोयाबीनचे महत्त्व वाढले. धम्माबरोबर चीनमधले अन्नही कोरिया-जपानकडे गेले. चिनी भिक्खू जियानझेन यांना जपानी लोक गांजिन म्हणतात. जपानला जाण्याचे त्यांचे पाच प्रयत्न फसले, डोळे गेले, तरी सहाव्या प्रयत्नात ७५३ साली ते जपानला पोचले. आंबवलेले खारे सोयाबीन त्यांच्याबरोबर आले अशी तिकडे परंपरा सांगतात. दंतकथा म्हणून ती सोडून दिली तरी एवढे खरे की जपानमध्ये या काळ्या, खाऱ्या दाण्यांना आजही 'तेरा-नत्तो' म्हणतात. तेरा म्हणजे विहार. क्योटोच्या दाइतोकुजी विहाराच्या नावाने तो पदार्थ प्रसिद्ध आहे.

दुसरा नत्तो तारा सुटणारा, चिकट असतो. पूर्वी तो भाताच्या पेंढ्यात गुंडाळून करत. पेंढ्यात एक जंतू असतो, बॅसिलस सबटिलिस. तो उकडलेल्या दाण्यांवर वाढतो आणि प्रथिनांचे बारीक तुकडे करतो. म्हणजे पोटाने करायचे निम्मे काम आधीच होऊन जाते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर हेच काम बुरशीकडून करून घेतात. त्या पदार्थाचे नाव टेंपे. दुसऱ्या महायुद्धात जावातल्या जपानी छावण्यांत कैद्यांना हगवणीने घेरले होते. ज्यांना उकडलेले सोयाबीन पचत नव्हते त्यांना टेंपे पचत होते, असे डच शास्त्रज्ञ व्हान वीन यांनी पुढे नोंदवले. आतडे सुजलेले असताना आंबवलेले सोयाबीन सोसते, याचा हा एक जुना दाखला.

आणि हे सगळे परदेशातच आहे असेही नाही. आपल्याच देशात सिक्कीम-दार्जिलिंगला किनेमा, नागालँडला अखुनी, मणिपूरला हवाईजार, मेघालयात तुंगरिंबाई, मिझोरामला बेकांग. दाणे रात्रभर भिजवायचे, उकडायचे, जरा ठेचायचे, किंचित राख घालायची, पानात आणि पोत्यात गुंडाळून चुलीशेजारी उबेला ठेवायचे. दोन-तीन दिवसांत किनेमा तयार. मग तो परतून, रस्सा करून भाताबरोबर खातात. डोंगरातल्या बायकांनी ही विद्या सांभाळली. सिक्कीमचे शास्त्रज्ञ ज्योती प्रकाश तमांग यांनी तिच्यावर आयुष्यभर अभ्यास करून ती जगापुढे मांडली. एवढे असूनही दिल्लीसारख्या शहरात ईशान्येची पोरे खोलीत अखुनी शिजवतात तेव्हा घरमालक वासावरून भांडण काढतात. आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. ज्यांच्या ताटावरून ज्यांची जात काढली गेली, त्यांना हे कळते.

आपल्या शिवारात सोयाबीन आले, ताटात आले नाही

महाराष्ट्रात सोयाबीनचा प्रचार तसा नव्वद वर्षांपूर्वीचा. ज्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, त्यांच्याच बडोदे संस्थानात एफ. एस. काळे या अधिकाऱ्यांनी सोयाबीनच्या लागवडीवर आणि खाण्यातल्या उपयोगावर मोठे इंग्रजी पुस्तक लिहिले, ते १९३६ मध्ये छापले गेले. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनीही सोयाबीन खाण्याचे प्रयोग करून 'हरिजन'मधून लिहिले. पण लोकांच्या चुलीपर्यंत ते गेले नाही.

पीक खरे वाढले ते पुढे, १९८०-९० नंतर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस' नावाच्या जाती दिल्या, जबलपूरहून 'जेएस ३३५' आली. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथे राहुरी कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, तिथून 'फुले संगम' म्हणजे 'केडीएस ७२६' निघाली. तिच्या नावातली 'केडी' ही अक्षरे कसबे डिग्रजचीच. आज दूधगंगा-वेदगंगेच्या काठाने बघा, उसाच्या सरीतसुद्धा सोयाबीन दिसेल. जूनमध्ये पेरायचे, दसऱ्याच्या आसपास काढायचे, मळायचे आणि पोती भरून व्यापाऱ्याच्या दारात. तेल निघते, पेंड कोंबड्यांना जाते. आपल्या बायका भांगलायला जातात, काढणीला जातात. पण घरात सोयाबीन येते ते वड्यांच्या पुड्यातून. आमच्या पुतण्यानेसुद्धा सोयाबीन खायची वस्तू आहे हे मोबाईलवरून ओळखले, शेजारच्या रानातून नाही.

शिळे वेगळे, आंबवलेले वेगळे

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आंबवलेले अन्न आपल्या घरात नव्हते काय? होते. आमची आजी संध्याकाळी गाडग्यात जोंधळ्याचे नाहीतर नाचणीचे पीठ कालवून ठेवायची. ताक मिळाले तर ताकात, नाहीतर नुसत्या पाण्यात, आदल्या दिवसाची चमचाभर आंबील विरजण म्हणून घालून. ताक मिळणे आपल्या लोकांना सोपे नव्हते. दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे, वरून ओतलेले भांड्यात घ्यायचे. सकाळी ते आंबलेले पीठ शिजवायची, मीठ-लसूण लावायची. "आंबील पिऊन गेलं की दुपारपातूर पोटाला दम निघतोय," म्हणायची. ताक-कण्या तर कोल्हापूर भागात सगळ्याच कष्टकऱ्यांच्या घरात होत्या.

मग हे गेले कुठे? आमच्या मते यात आपल्याकडून एक घोटाळा झाला. महारकीच्या चाकरीत भाकरी मागून आणायची रीत होती. उष्टे, शिळे, वाळलेले तुकडे हेच चाकरीचे मोल. आपल्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात महार वतन रद्द केले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि उष्टे तुकडे टाकून देण्यास बजावले. आपल्या बापजाद्यांनी ते ऐकले, उपाशी राहून ऐकले. त्या त्यागातून आपण माणूस म्हणून उभे राहिलो, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण शिळे टाकताना आपण आंबवलेलेही टाकले. दोन्हीला आंबूस वास, दोन्ही गरिबीची खूण, म्हणून एकाच उकिरड्यावर. वास्तविक दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिळे म्हणजे दुसऱ्याने खाऊन उरलेले, काळजी न घेतलेले, कुठला जंतू पडला याचा पत्ता नसलेले. आंबवलेले म्हणजे आपल्या कष्टाचे धान्य, धुतलेले गाडगे, ठरलेला वेळ, जपलेले विरजण. पहिली लाचारी होती, दुसरी विद्या होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या समाजांच्या खाण्याची नोंद केली आहे. कागल भागाची अशी नोंद आपल्या म्हाताऱ्यांना विचारून कुणीतरी केली पाहिजे. नाहीतर आंबील मोठ्या हॉटेलात काचेच्या पेल्यात विकायला येईल आणि आपल्या सुना ती तिथे जाऊन पितील.

आता पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर

मोठ्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. धान्या-डाळीचा चोथा तिथे पोचला की ते तो आंबवतात. त्यातून काही आम्ले तयार होतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांतल्या ब्युटिरेट नावाच्या आम्लावर पोसतात. अस्तर धड असले की आतला माल आत राहतो. ते बिघडले की शरीराची संरक्षक फौज तिथे धावून येते, सूज धरते. कोलायटिसमध्ये ही फौज थांबायचे नावच घेत नाही. तसे का होते, हे पुरते उलगडलेले नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर १० आठवडे एक प्रयोग झाला. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दही, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ वाढवून दिले, निम्म्यांना चोथ्याचे अन्न. आंबवलेले खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली सुजेशी संबंधित १९ प्रथिने कमी झाली. चोथा खाणाऱ्यांत ती १९ तशी उतरली नाहीत. पण लक्षात घ्या, माणसे थोडी होती, निरोगी होती, आणि खाणे सोयाबीनचे नव्हते.

सोयाबीनचा मोठा अभ्यास जपानचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२,९१५ माणसांवर सुमारे १५ वर्षे लक्ष ठेवले होते. नत्तो, मिसो असे आंबवलेले सोयाबीन सर्वांत जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के कमी दिसले. नुसते एकूण सोयाबीन मोजले तेव्हा तसा फरक दिसला नाही. मात्र हे निरीक्षण आहे. नत्तो खाणारा माणूस इतर बाबतीतही जपून राहत असेल. आणि आतड्याच्या सुजेवर आंबवलेल्या सोयाबीनचे जे चांगले परिणाम सांगतात, त्यांचा बराचसा पुरावा उंदरांवरच्या प्रयोगांतला आहे. कोलायटिसच्या रोग्याने गोळ्या सोडून नत्तो खावा आणि बरे व्हावे, असे कुणीही सिद्ध केलेले नाही.

म्हणून आम्ही पुतण्याला सांगितले ते असे. बाबा, ही गोष्ट सपशेल खोटी नाही, पण तुला सांगितली तशी खरीही नाही. आंबवलेले अन्न हे अन्न आहे, औषधाच्या जागी बसवायचे नाही. शौचातून रक्त पडले, वजन घटले, तर पहिल्या आठवड्यात डॉक्टर गाठायचा. आजार भडकलेला असताना काय सोसते तेही त्यालाच विचारायचे. सोयाबीन घरच्या डब्यात अंदाजाने आंबवायचे नाही. योग्य विरजण आणि ऊब नसेल तर भलताच जंतू वाढतो. चीनमध्ये घरी आंबवलेल्या शेंगदाण्या-डाळींच्या जातीच्या पदार्थांतून बोटुलिझमची जीवघेणी विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ज्यांना रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी आहे त्यांनी नत्तो खाऊ नये, त्यातले 'के' जीवनसत्त्व गोळीचे काम बिघडवते. मिसोत मीठ फार, रक्तदाबवाल्यांनी जपावे.

निरोगी माणसाला मात्र आपले गाडगे पुरे आहे. आंबवल्याने नाचणीतले लोह अंगी लागायला सोपे जाते. शिजवल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी केलेले काम शिल्लक राहते. वरून ताजे ताक घातले की जिवंत जंतूही पोटात जातात. रात्रपाळीला चार-चार कप चहा आणि गार वडे खाऊन आम्ही स्वतः पोटाची वाट लावून घेतली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून डब्याबरोबर आंबीलीची बाटली नेतो. आमचे पोट त्याने बरे झाले असा दावा करणार नाही, पण पहाटे चारला भूक भागते आणि जळजळत नाही, एवढे खरे.

बंधू-भगिनींनो, तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता तपासून घ्यायला शिकवले. ते मोबाईलवरच्या चमत्काराला लागू आहे तसे आजीच्या गाडग्यालाही लागू आहे. आम्ही दोन्ही तपासले. चमत्कार उणा भरला, गाडगे बरेच खरे निघाले.

पुतण्या आता गोळ्या नियमित घेतो, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. येत्या पौर्णिमेला विहारात खिरीबरोबर एक घागर आंबील ठेवावी, अशी सूचना आम्ही समितीपुढे मांडली आहे. पीठ आमच्या घरचे. म्हाताऱ्या बायांनी येऊन पोरींना दाखवावे, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!